मालो असा पळेल का?

प्रिय आई,

देवाच्या दयेनं मी धडधाकट आहे. इथे ऑस्ट्रेलियात, मिल्डुऱ्यात द्राक्षतोडणी जोरात चालू आहे. खायला पोटभर मिळतं, फक्त तुझ्या हातचा तारोचा कंद नाही.

रेडिओवरच्या गोष्टीत कप्तान मालोनं शेजाऱ्याला वल्ह्यानं मारलं आणि गाव सोडून पळाला, म्हणून तू रात्री जेवली नाहीस, असं ताईनं कळवलं. 'आमचा मालो असा नव्हताच! लिहिणाऱ्या मेल्यानं त्याचं वाटोळं केलं!' म्हणालीस म्हणे.

संध्याकाळची प्रार्थना झाली की तू नारळ खवता खवता रेडिओशी भांडायचीस, आठवतं? मालोनं मेव्हण्याला होडीतून ढकललं, तेव्हा आपण पोट धरधरून हसलो होतो. राग त्याच्यात पहिल्यापासून होता गं. त्यानं मारलं, ते मला पटलं.

पळाला, ते मात्र साफ खोटं. चुकलेल्याच्या डोक्यावर बारीक विणीची चटई घालून त्याला माफीसाठी जखमीच्या दारात बसवणारा हाच ना? घरधन्यानं माफ करून चटई उचलेपर्यंत स्वतःही शेजारी बसायचा.

माझ्या लाडक्या भावानं, आपल्या सेफोनं ताट भिरकावलं, तेव्हाही आपण हसलोच होतो. त्यानं मोडलेला शेजारच्या लाफोकाकांच्या पोराचा हात आता कसा आहे? सेफो अजून मावशीकडेच लपून बसलाय?

माझ्या लग्नासाठी विणलेली चटई पेटीतून काढ, आई. सेफोला बोलावून घे. एकटा जायला घाबरला, तर तूही शेजारी बस.

लग्न काय, साध्या चटईवरही लागेल. लाफोकाकांनी सेफोच्या डोक्यावरची चटई उचलली की मला लगेच कळव.

तुझीच,
फेतू