पत्ती आत जात नाही

सोमवार, ६ मार्च

आज तीन पट्टीवाले आले.

पट्टीवाले म्हणजे टॅब परत करायला येताना घरून स्टीलची पट्टी घेऊन येणारे. टॅब काउंटरवर आडवा ठेवतात, पट्टी त्याच्या पाठीवर उभी लावतात, मान वाकडी करून एक डोळा मिटतात आणि मला म्हणतात, "मॅडम, बघा, मधून उजेड दिसतोय." उजेड! आयुष्यात दुसरं काही दिसत नाही यांना, टॅबच्या पाठीवरचा उजेड तेवढा दिसतो.

मी ड्रॉवर उघडते, कंपनीने दिलेली पत्ती काढते. ब्लेडसारखी पातळ. टॅबच्या कडेखाली ती सरकवायची. आत गेली तर दोष, बदलून मिळेल. नाही गेली तर दोष नाही. "हे मर्यादेत आहे, सर." हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन. तिघांच्याही टॅबखाली पत्ती गेली नाही. एकजण फारच तडतडला — "एवढी महाग वस्तू, सरळ मिळायला नको का?" त्याचं स्वतःचं नाक चांगलं डावीकडे कललेलं. त्याला कुणी परत केलं होतं का दुकानात?

कागदासारखा पातळ टॅब पाहिजे, आणि तो दगडासारखा सपाटही पाहिजे. लाड आहेत नुसते.

मंगळवार, ७ मार्च

आईचा टॅब त्याच जातीचा. गेल्या महिन्यात एका दीडशहाण्याने परत आणलेला — "एक कोपरा टेकत नाही." पत्ती अर्थातच आत गेली नाही. पण साहेब दुकानात ओरडायला लागले, मॅनेजरने कटकट नको म्हणून बदलून दिला. असे परत आलेले पीस आम्हा काउंटरवाल्यांना स्वस्तात मिळतात. मी घेतला.

झटका आल्यापासून आईची वाचा गेली. उजवी बाजूही. डावा हात चालतो, पण सावकाश, आणि बोट उचलताना घासत जातं. थेरपिस्टने टॅबमध्ये चौकोन करून दिलेत — चहा, दिवा, थंडी, दुखतंय. अगदी खालच्या ओळीत पाणी, त्याच्या शेजारी 'नको', आणि कोपऱ्यात 'हो'. बोट जिथून उचललं तो चौकोन बोलतो. म्हणजे हात थोडा भरकटला तरी सावरायला वेळ मिळतो, असं थेरपिस्ट म्हणाली. पलंगावर पाय असलेला ट्रे ठेवायचा, त्यावर टॅब, की झालं.

आणि चालतोय की छान! मी स्वतः सगळे चौकोन दाबून बघितले, एकेक बरोबर बोलला. कोपरा टेकत नाही म्हणे.

आता एक गोष्ट इथेच लिहिते, बाहेर सांगितली तर लोक हसतील. आई मला 'हो' म्हणते. जन्मभर या बाईने मला दुसरा शब्द ऐकवला नव्हता — सहलीला जाऊ? नको. मैत्रिणीला राहायला बोलावू? नको. नोकरी बदलतेय, बरं वाटतं का तुला? नको ते उद्योग. आणि आता? खिडकी लावू? हो. रेडिओ बंद करू? हो. सूप आणू? हो. पन्नाशीला आले आणि आता कुठे आईचं आणि माझं जमायला लागलंय. मला फार बरं वाटतं. लिहायलाही लाज वाटते, इतकं बरं वाटतं.

गुरुवार, ९ मार्च

दोन पट्टीवाले हाकलले. आई दिवसभर हो, हो. चांगला दिवस.

शनिवार, ११ मार्च

आईचे केस कापले. कमरेपर्यंतचे होते, धुवायचे, वाळवायचे, गुंता काढायचा — माझ्या नाकी नऊ येत होते. आधी विचारलं. न विचारता मी काही करत नाही. "कापू का गं आखूड? तुलाच हलकं वाटेल." बोट हळूहळू गेलं, टेकलं, टॅब म्हणाला, 'हो'.

कापताना रडत होती. दिवसा तिच्याजवळ असणारी मावशी दारातून म्हणाली, "ताई, आजींच्या मनात नव्हतं वाटतं." मी म्हटलं, मावशी, तिने स्वतः हो म्हटलंय, तुमच्यासमोर. अशा आजारात माणूस हळवं होतं, कशालाही रडतं. मावशी गप्प बसली. पण ती गप्प बसली की जास्त बोलल्यासारखी वाटते.

सुपाचंही तेच. विचारलं की हो, चमचा नेला की तोंड मिटून घेते. डॉक्टर म्हणाले, डोक्यात थोडा गोंधळ राहणारच. हो म्हणतेय ना, मग मी भरवते. अर्धं उशीवर सांडतं.

मंगळवार, १४ मार्च

दादाचा फोन. आठवड्यातून एकदा उंटावरून शेळ्या हाकतो. दुसऱ्या गावी बसून याला सगळं माहीत — आईला कुठला व्यायाम द्यावा, खोलीत वारा कसा खेळता ठेवावा. येऊन एक चादर बदलली नाही पठ्ठ्याने.

विषय तोच, आईचं घर. दोन खोल्या, पहिला मजला, बंद पडल्यात. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला ते विकत हवंय, त्याला दवाखाना वाढवायचाय. मी म्हणते देऊन टाकू, आई आता माझ्याकडेच राहणार, दोन-दोन घरं मी झाडायची का? दादा म्हणतो, उभी राहायला लागली की तिला तिच्या घरी जायचं असेल. मावशी तिकडे राहतील दिवसरात्र, पगार मी देतो.

"मी विचारते तिला," म्हटलं.

"माझ्यासमोर विचार," म्हणाला. "सव्वीसला येतो. आई हो म्हणाली तर जिथे सांगशील तिथे सही करतो, पुन्हा विषय काढणार नाही."

मग व्हिडिओवर आईला बघत बसला. आणि एकदम म्हणतो काय, "तो टॅब डुगडुगतोय का गं?" घ्या! पट्टीवाला आमच्याच घरात जन्मलेला, मला पत्ता नाही.

बुधवार, १५ मार्च

राहवलं नाही. सव्वीस तारखेपर्यंत कोण थांबणार? विचारलंच. "आई, ते घर विकून टाकू या का? इथेच राहशील ना माझ्याजवळ, कायमची?"

'हो.'

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला आणि पुन्हा दाबलं. 'हो.' पुन्हा. 'हो. हो. हो.' थांबायलाच तयार नाही, कपाळावर घाम आला तिच्या. एवढी घाई तर मलाही नव्हती! शेवटी मीच टॅब काढून घेतला. कळलं गं बाई, म्हटलं, कळलं. डोळे पुसले तिचे आणि माझेही.

शनिवार, १८ मार्च

तिचं शिवणयंत्र मावशीच्या सुनेला देऊन टाकलं. विचारूनच. दातांच्या डॉक्टरला कळवलं की सव्वीसनंतर किल्ली मिळेल.

मंगळवार, २१ मार्च

आजची बाई वेगळी होती. लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढते म्हणे. पट्टी वगैरे काही आणली नव्हती. टॅब ठेवला आणि म्हणाली, "रेघ मी नेते तिकडे जात नाही. कडेला आली की घसरते."

पत्ती लावली. नाही गेली. "मर्यादेत आहे, मॅडम."

"असेल," म्हणाली. "पण तुम्ही हा रबराच्या मॅटवर ठेवलाय. माझं टेबल काचेचं आहे. आणि तुम्ही बोट ठोकता. मी हात टेकवते, हळू, सगळं वजन देऊन. तेव्हा कोपरा खाली जातो." मॅट बाजूला करून दाखवायलाही निघाली होती. मी म्हटलं, कंपनीची पद्धत मॅटवर तपासायची आहे. मागे रांग होती.

तिने वाद घातला नाही. "बरं" म्हणून टॅब पिशवीत घातला आणि गेली. भांडणारे परवडतात. हे न भांडता जाणारे लोक मला आवडत नाहीत. आपण काही जास्त जाणतो, असा चेहरा असतो त्यांचा. काय फरक पडतो एवढ्याशा बाकाने? चित्र मुलांच्या पुस्तकातलं, त्यात हत्तीची सोंड केसभर इकडे गेली तर मुलं काय पुस्तक परत करणार आहेत?

गुरुवार, २३ मार्च

घासायला नेताना मावशीने ट्रेचा पाय मोडला. टॅब आज आईच्या मांडीवर, उशीवर ठेवला.

सूप आणू? 'नको.'

मला वाटलं, दुसरंच कुणीतरी बोललं. हा शब्द त्या टॅबमध्ये आहे हेच मी विसरले होते. खिडकी लावू? 'नको.' पंखा बंद करू? 'नको.' पाय चेपू? 'हो.' चेपले. बाहेरच्या खोलीत झोपवू का? 'नको.'

आली मूळ पदावर! दोन आठवडे माणसासारखी वागली, आता पुन्हा सुरू. मी चमचा आपटून ठेवला. आई मात्र आज खुशीत होती. बोटाकडे बघत होती, टॅबकडे बघत होती, मध्येच तिच्या चेहऱ्याची चालणारी बाजू हसली.

शुक्रवार, २४ मार्च

सकाळी ट्रेचा पाय चिकटवला. आई झोपली होती. टॅब घेऊन स्वयंपाकघरात बसले, ओट्यावर ट्रे, त्यावर टॅब. 'नको' दाबलं. 'नको' म्हणाला. पुन्हा दाबलं. 'नको'. बरोबर चालतोय, म्हटलं, उगीच डोक्यात किडा.

मग ती चित्रवाली बाई आठवली. बोट ठोकलं नाही. टेकवलं. डाव्या हाताचं, जड, आई टेकवते तसं. आणि टॅबचा कोपरा खाली गेला. किती? दिसलंसुद्धा नाही, बोटाला कळलं तेवढंच. तिकडे उतार झाला, बोट आपोआप कोपऱ्याकडे घसरलं, उचललं तेव्हा 'हो' म्हणाला.

पुन्हा केलं. 'हो.' पुन्हा. 'हो.'

पर्समध्ये दुकानातली पत्ती होती. कडेखाली घालून बघितली. आत गेली नाही.

म्हणजे एवढे दिवस ती नको म्हणत होती. सूप नको. खिडकी नको. केस नकोत. यंत्र नको. आणि त्या बुधवारी घाम येईपर्यंत बोट टेकवत होती ती. मी तिच्या हातून टॅब काढून घेतला आणि तिचे डोळे पुसले.

मला लाज वाटली. आणि मग, खरं तेच लिहायचं तर, राग आला. आईचा. म्हणजे मला ती एकदाही हो म्हणालीच नव्हती.

शनिवार, २५ मार्च

उशीवर टॅब ठेवून विचारलं. मावशी यायच्या आधी, दार लावून.

घर विकायचं? 'नको.'

तुझ्या घरी जायचंय? 'हो.'

माझ्याकडे राहायला आवडतं का तुला? तिने बराच वेळ लावला. मला वाटलं, पाणी मागेल. 'नको.'

टॅब उचलला आणि कपाटावर ठेवला.

काय कळतं तिला? त्या घरी जिना आहे. मावशी दिवसरात्र राहतील म्हणे, आणि आजारी पडल्या तर? दादा येणार आहे का तिला धुवायला? मी केलंय सगळं, मी. आणि जी बाई आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला नको म्हणत आली तिचं आणखी एक नको किती मनावर घ्यायचं? इकडचं तिकडे झालं तर झालं. माणसाने एवढं पट्टी लावून बघू नये.

दादा उद्या सकाळी येतोय. ट्रेचा पाय वाळलाय, पक्का बसलाय. बोटाने दाबून बघितला.

रविवार, २६ मार्च

ट्रे मीच लावला, टॅब मीच ठेवला, दादासमोर मीच विचारलं. आईने ट्रेकडे बघितलं. मग डावा हात टॅबखाली घातला, ओढत ओढत तो मांडीवर घेतला, नीट टेकवला, आणि बोट ठेवलं.

'नको.'

"बरं, मिटलं मग," दादा तिला म्हणाला. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.