पंखावरचा अंगठा

४ ऑक्टोबर १९६६, मंगळवार
पुन्हा तेच! विमानाच्या छोट्या नमुन्याला मी कालवलेलं काळं तेल फासलं, वाऱ्याच्या चाचणी-बोगद्याचं दार लावलं, जवळजवळ आवाजाच्या वेगानं वारा सोडला. नंतर बघतो तर पंखावर तेलाच्या रेघा विंचरल्यासारख्या सरळ—आणि मध्येच पाचरीसारखा विस्कटलेला पट्टा! काटाही हट्टाला पेटलाय, वाऱ्याचा अडथळा जास्तच दाखवतो.

पट्टा सुरू होतो तिथं अंगठ्याएवढा डाग आहे. पॅरिसचे लव्हासर साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत सुधारला नाही तर हा पंख रद्द." चार वर्षं या पंखावर राबलेत बिचारे.

५ ऑक्टोबर
डाग कुणाचा हे सांगायला ज्योतिषी नको. आँतेल्म! आमचा सगळ्यात जुना फिटर. दार लावण्याआधी नमुन्यावर थाप मारतो—"जा बाळा, उड!" तीही सॉसेज खाल्लेल्या हातानं! तोंडावर विचारलं.
"मी शेपटीवर मारतो, झिनेतबाई. पंखाला हात लावत नाही."
वर तोंड करून सांगतो!

६ ऑक्टोबर
साहेबांना सांगून टाकलं. पंधरा वर्षं इथं काम केलेल्या माणसाला दुपारीच कोठारात स्क्रू मोजायला धाडलं. जाताना म्हणाला, "तेल मात्र तुमच्यासारखं कुणालाच कालवता येत नाही." टोमणाच असणार.

वाईट वाटलं. घरी आलुबुखाराचा मुरंबा केला. पाक झाला की नाही ते मी अंगठ्यानंच बघते. जुन्या कापल्याच्या खुणेवर चटका बसला.

७ ऑक्टोबर
पट्टा हजर! आँतेल्म नसताना! "कोठारातून चोरून येत असेल," मी म्हणाले. माझं मलाच पटलं नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार
शेवटची संधी. साहेबांनी बॅग भरून ठेवलीय. आज दार लावण्याआधी दिवा धरून बघणार. चोर सापडू दे, मग बघते!

त्याच दिवशी, संध्याकाळी
ताजा ठसा. मधोमध कापल्याची आडवी खूण. माझी! तेल जमलं का ते बघायला मीच दर वेळी अंगठा टेकवते—आणि मला पत्ताच नाही.

पुसून पुन्हा फासलं, हात पाठीमागे धरून उभी राहिले. रेघा सरळ, काटा खाली. साहेबांनी मला मिठीच मारली. मला मात्र तोंड लपवावंसं वाटत होतं. त्यांना सगळं सांगितलं आणि मुरंब्याची बरणी घेऊन कोठारात गेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." आँतेल्म स्क्रू मोजतच होता. "पण इथं तुम्हाला धाडलं असतं, तर तेल कुणी कालवलं असतं?"