लसणीची पाकळी डावीकडे

अहो,

तुम्हाला जाऊन काल वर्ष झालं आणि आज मी ग्राउंडवर सगळ्यांसमोर भांडून आले. कुणाला तरी सांगायलाच हवं. माझं ऐकायला तुमच्याशिवाय होतं कोण?

तुमच्या नावाने मुलींची फुटबॉल मॅच ठेवली होती, तुम्ही शिकवायचात त्याच अंबरनाथच्या ग्राउंडवर. क्लबचे सेक्रेटरी आठवडाभर आधी घरी येऊन सांगून गेले, "वहिनी, तुम्ही फक्त यायचं, नारळ फोडायचा आणि खुर्चीत बसायचं." फक्त! तुमचा हार घातलेला फोटो टेबलावर होता, तोही मैदानाकडे पाठ करून. बावीस वर्षं पोरांना "बॉलवरून नजर हटवू नका" सांगणारा माणूस, आणि त्याचं तोंड पार्किंगकडे! मीच उठून फिरवला.

भाषणात काय म्हणाले? सर प्रेमळ होते, सर वेळेवर यायचे. अहो, वेळेवर तर वॉचमनही येतो! सर डोक्याने खेळायला शिकवायचे, हे एकाच्याही तोंडून निघू नये?

मला ते माहीत होतं. विठ्ठलवाडीच्या आपल्या एवढ्याशा ओट्यावर दर शनिवारी संध्याकाळी तुम्ही मॅच मांडायचात. राजमा म्हणजे समोरची टीम. लसणीची पाकळी डावीकडे, ती मांजर्लीची साक्षी, आपली लेफ्ट बॅक. मधला बटाटा म्हणजे प्राजक्ता. "लसूण पुढे गेली की बटाट्याने तिची जागा धरायची," हे इतक्यांदा बोललात की मला पाठ झालं. मी ओरडायचे, "बटाटा द्या, भाजी टाकायचीय!" तुम्ही म्हणायचात, "हाफ टाइम होऊ दे."

आणि एवढं सगळं माझ्यासमोर मांडून, बावीस वर्षांत एकदा तरी म्हणालात का, चल ग्राउंडवर? "तिथे ऊन असतं, तू कशाला?" मला उन्हाचं सांगता? गच्चीवर पापड कोण वाळवत होतं? राग आहे मला याचा. अजून आहे.

आज पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं काय चुकतंय. नवीन कोच ओरडत होता, "साक्षी, मागेच राहा! बॉल आला की मार पुढे, कुठेही मार!" कुठेही? पोरगी एका जागी खिळली होती, आणि तिच्यासमोरची सगळी डावी बाजू मोकळी. मला खुर्चीतून दिसत होती, त्याला दिसू नये? दोन गोल खाल्ले.

हाफ टाइमला साक्षी माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. "काकू, सर असते ना, तर बोलले असते, जा बिनधास्त. हे बोलतात, पुढे गेलीस तर बाहेर बसवीन."

मग मला राहवलं नाही. प्रसादाच्या ताटातले खोबऱ्याचे तुकडे घेतले आणि तुमच्या फोटोसमोरच मांडले. "साक्षी, हा तुकडा तू. पुढे जा. प्राजक्ता, ती गेली की तू इथे." मुली कोंडाळं करून वाकून बघत होत्या.

सेक्रेटरी धावत आले. "अहो वहिनी, हे काय? तुम्ही बसा ना!"

"बसले की बावीस वर्षं!"

कोच म्हणाला, "मॅडम, टीम मी बघतो."

"बघा की! पण मॅच सरांच्या नावाची आहे ना? मग एक हाफ तरी सरांसारखा खेळू द्या."

मुली जागच्या हलेनात. शेवटी तोच बाजूला झाला.

हरलो आपण, दोन-एक. पण तो एक! साक्षी डावीकडून सुसाट गेली, बॉल आत टाकला आणि गोल. मागे तिच्या जागेवर प्राजक्ता उभी होती, बरोब्बर. मी सवयीने तुम्हाला सांगायला वळले, आणि तिथे फोटो होता. तेव्हा रडले हो, सगळ्यांदेखत.

निघताना मुलींनी विचारलं, "काकू, रविवारी येणार?" सेक्रेटरी मध्येच म्हणाले, "कमिटीत विचारू."

विचारू देत. रविवारी सकाळी सहाला मी ग्राउंडवर असेन, तुमची टोपी घालून. आणि शब्द देते, यातल्या एकाही पोरीला मी एका जागी खिळवून ठेवणार नाही. तुम्ही मला ठेवलंत तसं.

तुमचीच,
सुनंदा