हजेरीतली रेघ

बाई, तुमच्या वर्गातला पहिल्या बाकावरचा तो राजपुत्र गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत आला होता. आता पोटावर जाकीट बसत नाही, पण मान तशीच ताठ आहे आणि अक्कलही बहुधा तेवढीच. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणून सांगते, तो आमदार झालाय. तिसऱ्या पक्षातून. पक्ष त्या घराण्याला उशीच्या अभ्र्यासारखे, मळला की बदलायचा.

सातवीतला तो सोमवार अजून डोळ्यांसमोर आहे. कारकुनानं हजेरीपटावर त्याच्या नावाआधी 'श्रीमंत' लिहिलेलं. तुम्ही लाल शाईनं त्यावर रेघ मारता आणि आम्हा सगळ्यांसारखंच त्याला आडनावानं पुकारता. तो गप्प. किताब लावल्याशिवाय 'हजर' म्हणायचं नाही, असं घरून पढवून पाठवलेलं. "समोर बसलाय, पण हजर दिसत नाही," म्हणत तुम्ही गैरहजेरी मांडता. असे आठ दिवस. तेराचा पाढा येत नव्हता, पण पणजोबांच्या लढाया तोंडपाठ. त्यातल्या बहुतेक त्यांनी इंग्रजांच्या बाजूनं लढल्या होत्या, हे मात्र घरी कुणी सांगितलं नसावं. शेवटी मुख्याध्यापक वर्गाच्या दारात आले. "बाई, एक शब्द लिहिला तर काय बिघडतं?"

"काहीच नाही. लिहिते की, सगळ्याच वर्गाला लिहिते. आणि किताब सरकारनं केव्हाच काढून घेतलेत, मी नुसती रेघ मारली."

त्याचा मामा मंत्री होता. एक फोन आला आणि महिन्याभरात तुमची बदली संस्थेच्या कात्रजच्या शाखेत झाली. दुखऱ्या गुडघ्यांनी स्वारगेटला बस बदलत तुम्ही निवृत्त होईपर्यंत जात राहिलात.

आमच्या गेटवर पाहुण्यांना जो पास मिळतो, तो छापणारं सॉफ्टवेअर माझं आहे. नावाआधी श्री, श्रीमती, डॉक्टर, एवढंच निवडता येतं. आमदाराच्या पीएनं पास उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, नुसतं श्री? महाराजांना नाही चालत." आमचे साहेब कानाशी आले, "ॲड कर ना यार, दोन मिनिटांचं काम आहे." मी यादीत 'श्रीमंत' घातलं.

पुढच्याच आठवड्यात एसी दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक छातीवर 'श्रीमंत' लावून मजलाभर हिंडत होता. रिसेप्शनवर कुणीतरी चुकून निवडलेलं. वॉचमननं त्याला कडक सलाम ठोकला. मी पोट धरून हसले. वाटलं, बाईंनी म्हटलं तसंच झालं, सगळ्या वर्गाला लिहिलं गेलं. साहेबांना ते रुचलं नाही. "तो ऑप्शन बाकीच्यांना नको," म्हणाले. आता तो शब्द एकट्या आमदाराच्या नावाला लागतो.

पहिल्या वेळी समोर आमदार उभा होता, असं मनाला सांगता तरी येतं. दुसऱ्या वेळी, तो शब्द त्याच्यापुरता राखताना, समोर कुणीच नव्हतं. मंत्र्याचा फोन नव्हता, बदलीची भीती नव्हती. तुम्ही हयात असतात तरी हे पत्र पाठवायची माझी हिंमत झाली नसती, बाई. साहेब जाता जाता बोलले आणि मी जेवायला जायच्या आधी ते करूनही टाकलं.