ओव्हनमधलं घड्याळ

१४ नोव्हेंबर

गेलं! पार बोंबललं सगळं.

बेत झकास होता. चारला मावश्या येणार, नव्या वहिनीच्या हातचे सम्से, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले खिम्याचे सामोसे खायला. त्याआधी माझं गजराचं घड्याळ ओव्हनमध्ये ठेवायचं आणि दार लॉक करायचं. वहिनी ताट घेऊन आली की ओव्हन केकाटणार, दार उघडणार नाही, ती उडणार, मी हसणार. संपलं.

काचेवर कुलपाचं चित्र होतं, ते दाबलं. म्हटलं, लहान पोरांसाठीचं लॉक असेल. नव्हतं! सफाईचं बटण निघालं. त्यात ओव्हन आतून तापून स्वतःची घाण जाळतो, आणि गार होईपर्यंत दार सोडत नाही. आत लाल झालं. घाबरून मी दाराची मूठ धरून हिसका दिला. कट्! दाराचा आकडा वाकला.

आतून घड्याळ एकदा वाजलं. अर्धंच.

वास घरभर. सारा मावशी दारातूनच, "सूनबाई, गाढव भाजतेयस का?" सगळ्या हसल्या. सम्से कच्चेच राहिले. मावश्यांना दुकानातली बिस्किटं! आईचं तोंड बघवत नव्हतं.

"तू कुठलं बटण दाबलंस?" आईनं वहिनीलाच विचारलं.

मी तिथंच होतो. बिस्किट खात.

१५ नोव्हेंबर

ओव्हन गार झाला. दार तसंच. काचेवर बिघाडाचा लाल F लुकलुकतोय.

ओव्हन वहिनीच्या माहेरचा. तिच्या बापानं घोडी विकून दिला, असं दादा सांगायचा. दादा तेलाच्या विहिरीवर कामाला, पुढच्या महिन्यात येणार. ती इथं एकटीच.

आई फोनवर मावशीला, "खेड्यातली पोर गं. चुलीपुढून थेट कंप्युटरपुढं बसवली."

वहिनी भांडी घासत होती. पाणी जरा जास्तच सोडलं तिनं.

१६ नोव्हेंबर

मोबाईलवर व्हिडिओ बघून बसलो. मेन स्विच बंद करा, थोडं थांबा, चालू करा. केलं. मोटर गुर्र करते, आकडा अडकतो, परत F! दुसरी युक्ती— दाराच्या वरच्या फटीतून तार घाला, आकडा बाजूला ओढा.

घातली. लागला! हलला!

आणि मी हात मागं घेतला.

दार उघडलं की आत घड्याळ. दोन घंट्यांचं, दादानं दिलेलं, कॉलेजला उशीर होतो म्हणून. ते कुणाचं हे सगळ्या बिल्डिंगला माहीत.

वहिनी मागं उभी होती. "उघडतंय का?"

"छे. पक्कं बसलंय."

"राहू दे. दमलास." चहा ठेवला माझ्यापुढं. दूध जास्त घालून, मला आवडतो तसा.

मग मीच विषय बदलला. आमच्यात सून सासरच्यांची नावं घेत नाही, स्वतःच नवी ठेवते. टॅक्सीवाल्या काकांना ती घोडेस्वार म्हणते, सारा मावशीला साखर. साखर! काय डोकं आहे! म्हटलं, "माझं नाव कधी?"

"ठरत आलंय," म्हणाली. हसली.

चहा तसाच ठेवून उठलो.

१७ नोव्हेंबर

आईनं वहिनीच्या माहेरी फोन केला, ओव्हन बिघडला म्हणून. सांगणार होतो. नाही सांगितलं.

१९ नोव्हेंबर

वहिनीचे वडील आले. शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन, एवढ्या लांबून. पिशवीभर कुर्त आणलं, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे. टोपी काढून हातात धरली आणि आईपुढं उभे.

"विहीणबाई, पोरीसोबत खराब वस्तू पाठवली. लाज वाटते मला."

त्यांना लाज! त्यांना!!

आई म्हणाली, "वस्तूचं काय एवढं." पण ओव्हन परत नेऊ नका, असं काही म्हणाली नाही.

मी एका बाजूनं उचलू लागलो. जिन्यात ओव्हन कलला आणि आत वाजलं. खण्— टिंग!

"आत काय आहे?" आई.

सगळे थांबले. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. माझ्या खोलीतली फळी रोज तीच पुसते. तिथं घड्याळ नाही हे तिला चौदा तारखेपासून दिसतंय.

"माझंच आहे," ती म्हणाली. "मीच विसरले आत."

आईनं कपाळावर हात मारला. वहिनीच्या बापानं मान खाली घातली.

आणि मी? मी म्हणालो, "काका, सांभाळून, पायरी आहे." एवढंच सुचलं मला.

टेम्पो गेला. स्वयंपाकघरात चौकोनी डाग राहिलाय. ती त्याला वळसा घालून चालते.

२० नोव्हेंबर

सकाळी नाश्त्याला हाक आली. "मेयिरजान!"

माझं खरं नाव. परक्याला मारतात तशी हाक.

आईचा हात चहाच्या किटलीवरच थांबला. "दिराला नावानं? हेच शिकवलं का तुझ्या घरच्यांनी?"



"आई," मी म्हणालो, "बरोबर हाक मारली तिनं. ओव्हनमधलं घड्याळ माझं होतं."