कानाचं मशीन गेलं ई-कचऱ्यात

अमरावती, रविवार

प्रिय मित्र अब्दुल रहीमभाई यांस देवमनचा जयभीम आणि सलाम.

बिस्मिल्लाभाभींचे गुडघे आता कसे आहेत? अकोटात ऊन फार तापत असेल, जपा. मी आणि केशरबाई, आम्ही नवरा-बायको ठणठणीत आहोत, फक्त घरात बोलचाल बंद आहे.

त्याचं असं झालं. आमच्या कॉलनीत ई-कचऱ्याची गाडी येणार असं कळलं. (ई-कचरा म्हणजे बिघडलेलं विजेचं सामान. आपण त्याला इतकी वर्षं ‘दुरुस्तीला टाकायचं आहे’ म्हणत आलो.) केशरबाईनं फर्मान काढलं, दिवाणाखालचं सगळं गेलं पाहिजे. दिवाणाखाली काय आहे ते तुम्ही जाणताच : जळालेला मिक्सर, टीव्ही वारल्यावर मागे राहिलेले रिमोट, चार्जरांचा गुंता आणि आपण बडनेऱ्याहून हौसेनं आणलेला टेपरेकॉर्डर. मी फुरंगटून दिसेल ते पोत्यात कोंबलं. त्यात टेबलावरचं तिचं कानाचं मशीनही गेलं. (मी बोलायला लागलो की ती ते काढून ठेवते. बंद मात्र करत नाही.)

गाडी गेल्यावर तिनं विचारलं, “माह्यं मशीन कुठी हाय?” मी सांगितलं, तिला ऐकू आलं नाही. ओरडून सांगितलं, ते शेजारच्या वामनरावांना ऐकू गेलं. शेवटी हातवारे केले. त्यावर ती जे बोलली ते साऱ्या गल्लीला कळलं.

आम्ही दोघांनी ऑटोनं त्या गाडीचं गोदाम गाठलं. तिथं छतापर्यंत ढीग! नीलम नावाची मुलगी हातमोजे घालून मोबाइल निवडत होती. म्हणाली, “काका, एवढ्या ढिगात काय सापडन? पण चालू असन तर शिट्टी वाजन. माह्या आजीचं वाजते.” तिनं पंखे बंद केले, सगळ्यांना गप्प बसवलं. आम्ही ढिगाला कान लावून उभे, आणि केशरबाई मधोमध आमची तोंडं पाहत. तिला तर शांतताही ऐकू येत नव्हती.

एवढ्यात टेपरेकॉर्डरच्या कॅसेटच्या कप्प्यातून बारीक ‘कुईं’ आलं! मशीन कानात घालून ती म्हणाली, “हं, आता बोला.” मी आधी विचारलं, “ऐकू येतं का?”

नीलमनं समजावलं, या सामानात शिसं असतं, पारा असतो, घरात साठवू नका. मी मान डोलावली.

आपला,
देवमन

ता. क. बोलचाल मशीनपायी बंद नाही. निघताना मी टेपरेकॉर्डर मागून परत आणला. सोबत कोणाचा तरी एक बेवारस रेडिओसुद्धा.

ता. क. दुसरा : तुमच्या दुकानाची माडी रिकामी आहे म्हणे. टेप-रेडिओचं पोतं शनिवारी सकाळच्या एस.टी.नं पाठवतो, उतरवून घ्या. भाभींना बोलू नका. पाकीट केशरबाईच पोस्टात टाकणार आहे, तिला वाचायचा कंटाळा.

ता. क. तिसरा : रहीमभाऊ, मी केशर लिहून राह्यली. टेप अन् रेडिओ म्या नीलमकडं पोचवले. पोत्यात गोधड्या भरून तोंड शिवलं, त्या भाभीले देजा. आमच्या यायले फक्त ‘सामान मिळालं, जपून ठेवलं’ असं कळवजा. खुश राहतीन.