कापसात गेलेली चावी

१२ फेब्रुवारी २०२३, रविवार. सोनाळा.

चावी हरवलेली नाही. हे आधी लिहून ठेवतो. ती उकंडरावांच्या पुढच्या खोलीत, कापसात आहे. हरवलेली वस्तू कुठे आहे ते माहीत नसतं. मला माहीत आहे.

झालं असं. जब्बारभाई कापसाचे व्यापारी, त्यांची पिकअप मी चालवतो. उकंडरावांचा माल पाहायला गेलो. खोली आढ्यापर्यंत भरलेली. गेल्या साली भाव दहा हजारांवर गेला, म्हणून यंदा कोणीच विकत नाही. उकंडराव चहा सांगायला आत गेले. मी जरा कापसावर टेकलो. कापूस मऊ असतो. डोळा लागला. उठलो तर खिसा रिकामा.

खांद्यापर्यंत हात घातला. उकंडराव ओरडले, उकरू नोको बे! दबलेला कापूस फुलला तं आमी निजाचं कुठी? विचारलं, मग चावी कधी निघंन? म्हणे, भाव दहा हजार झाला का निघंन.

ठराव: उद्या पहाटे उठून प्रश्न निकाली.

१३, सोमवार. सकाळचे ११.

पहाटे उठणं जमलं नाही. कापसानं अंगाला खाज सुटली. उकंडरावांच्या घरात सगळेच दिवाळीपासून खाजवून राहिले.

जब्बारभाई दुसरी चावी घेऊन आले आणि गाडी स्वतः वखारीत नेऊन लावली. रागावले नाहीत. म्हणे, राजकुमार, हे चावी आता माह्यापाशी राहीन. तू नवी बनव. या हप्त्यात बनली तं गाडी तुही. नाई तं माहा भाचा कामरान रिकामाच आहे.

कामरानला रिव्हर्स घेता येत नाही. मला चिंता नाही.

फक्त एक. दिवाळीपासून मी गाडीतच झोपतो. घर नाही म्हणून नव्हे. घर आहे, त्यात भाऊ-वहिनी आहेत. मला मोकळी हवा लागते. काल समाजमंदिराच्या ओट्यावर पडलो. हवा फारच मोकळी होती.

१५, बुधवार. खामगाव, मग जलंब.

काल निघणार होतो. पण स्टँडवर एक जण पोळं उतरवून राहिला होता. मधमाश्या उठल्या, एसटी गेली. मध चांगला होता.

आज खामगाव. चाव्यावाला आसिम. टपरी एवढीशी, आत लॅपटॉप. म्हटलं, पिकअपची बटनवाली चावी करून दे, मी थांबतो. त्यानं विचारलं, गाडी कुठी आहे? म्हटलं, सोनाळ्याले. दुसरी चावी? तेबी सोनाळ्याले. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणे, मंग तू कायले आला बे?

समजावून सांगितलं मात्र नीट. नुसती कापून भागत नाही. चावीत चिप असते, तिची गाडीसोबत ओळख करून द्यावी लागते. गाडीसमोर, सगळ्या चाव्या एकाच टायमाला. जी चावी त्या टायमाला हजर नाही, तिला गाडी विसरते. म्हटलं, मोठी बेइमान आहे गाडी. म्हणे, चावीनं हजर राहावं न मंग, कापसात काऊन झोपते?

तिथूनच जब्बारभाईंना फोन. ठरलं. आसिम मशीन घेऊन जुम्म्यानंतर सोनाळ्याला येणार. जब्बारभाई मला म्हणाले, जुम्म्यानंतर तू गाडीपाशी पाह्यजे. तू दिसला तं चावी तुह्या हातात, नाई तं कामरानच्या. मी म्हटलं, बेफिकीर राहा. जुम्मा म्हणजे शुक्रवार. त्यानंतर शनिवार. मी भिवंडीत राहिलेला माणूस, भाषा मला सगळ्या येतात.

वेळ उरला. जलंबची गाडी कशी असते पाहावं म्हणून स्टेशनवर गेलो. पाहता पाहता आत बसलो. सुटली.

आता जलंबच्या फलाटावर लिहितो. शेजारी एक म्हातारी. तिला विचारलं, माय, कुठं जाता? ती म्हणे, तू कोणाचा रे? सांगायला बराच वेळ लागला असता. नाही सांगितलं.

१६, गुरुवार.

कोकिळाताईला, म्हणजे बहिणीला, फोन केला. उचलला नाही. ती कामात असते. पुन्हा केला, तेव्हा भाचीनं, छकुलीनं घेतला. म्हटलं, मामा बोलतो. म्हणे, कोणता मामा? लेकरू लहान आहे. दहावीला आहे.

ठराव: नव्या चावीला नवं कीचेन पाहिजे. नाव कोरलेलं. गाडी कोणाची ते लांबून समजलं पाहिजे.

१७, शुक्रवार. संग्रामपूर, दुपार.

आजचा दिवस मोकळा. पितळी पट्टीवर नाव कोरून घेतलं. जागा पुरली नाही, 'राजकु' पर्यंतच आलं. कोरणारा म्हणे, मागच्या अंगानं टाकतो बाकीचं. आता पुढून 'राजकु', मागून 'मार'. वापरात काही अडत नाही.

जब्बारभाईंचे फोन येऊन राहिले. एक, दोन, तीन. घेतले नाहीत. कीचेनची गोष्ट तोंडातून निघाली असती, मग मजा काय राहिली?

१८, शनिवार. महाशिवरात्र.

अंघोळ केली. भांग पाडला. कपाळाला भस्म. वखारीत गेलो. गाडी नाही.

जब्बारभाईंच्या बायको, नूरजहां चाची, बाहेर आल्या. म्हणे, अरे बेटा, होता कुठी तू? काल दुपारी, रोज जोहरची होते त्या टायमाले, जुम्म्याची नमाज झाली अन् आसिम मशीन लावून बसला. तुह्या भाईनं असरच्या, पाच वाजताच्या नमाजपर्यंत वाट पाह्यली, फोनावर फोन केले. जुम्म्यानंतर म्हंजे नमाजनंतर रे येड्या, दुसऱ्या दिवशी नाई! चावी कामराननं घेतली. तो खामगावले गेला.

हा भाषेचा घोटाळा आहे. यात माझी चूक दिसत नाही.

चाचीनं विचारलं, उपास असंन न? उपास नव्हता, उपाशी होतो. हो म्हटलं. त्यांनी खजूर दिले, वर पाणी दिलं. वखारीच्या पायरीवर बसून खाल्ले.

एक आहे. माझी चावी अजून कापसात शाबूत आहे. ओरिजिनल, कंपनीची. आसिम काही म्हणो, इतकी जुनी ओळख एका दुपारी जात नाही.

२ एप्रिल, रविवार.

बरेच दिवस लिहिलं नाही. कामं होती.

रोज उकंडरावांकडे बसतो. ते भावाची वाट पाहतात, मी चावीची. दोघंही कापसाकडे पाहतो. ते म्हणे, बियाण्याच्या पाकिटावर लिवेल राह्यते का बोंडाले अळी लागत नाई. पण अळीले वाचता येत नाई न बाप्पा. शाळेतच नाई गेली, तुह्यावानी.

आम्ही हसलो. मग पुन्हा कापसाकडे.

९ मे, मंगळवार.

उकंडरावांनी कापूस विकला. दहा झाले नाहीत. सातावर दिला. पेरणी तोंडावर आली, घर रिकामं करणं आलं. पिकअप जब्बारभाईंचीच. कामराननं बोळीतून थेट ओट्यापर्यंत रिव्हर्स घेतली, एका झटक्यात.

चावी शेवटच्या ढिगाखाली, भिंतीशी. सरकीचे दोन दाणे चिकटलेले. पुसली, 'राजकु' मध्ये अडकवली. गाडीच्या दाराला लावली. दार उघडलं! म्हटलं, पाहा. कामरान बाजूला सरकला.

सीटवर बसून फिरवली. डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला. इंजिन नाही. पुन्हा फिरवली. दिवा.

उकंडराव दारातून म्हणाले, असू दे राजू, उतर.

कामराननं हात घालून आपली चावी लावली. सुरू झाली.

खोली रिकामी झाली. उकंडराव म्हणे, येत जाय बसाले. आवाज घुमला. पण आता तिथं बसून पाहायचं काय?

१० मे, बुधवार. सकाळ.

चावी कामाची आहे. काल वखारीत जाऊन दार उघडलं आणि गाडीतच झोपलो. कितीतरी दिवसांनी झोप लागली.

सकाळी काच वाजली. कामरान. वाटलं, हाकलतो. त्याच्या हातात चहाचे दोन ग्लास. म्हणे, मामू म्हणते, पोट्टं ओट्यावर निजते, बरं नाई दिसत. आसिमले फोन केला. जोहरनंतर येऊन राह्यला. तुही जुनी चावी पुन्हा गाडीले दाखवू. तू फक्त हजर राह्यजो.

म्हटलं, बेफिकीर राहा.

जोहर कोणत्या वारी येतो ते विचारलं नाही. भाषा मला सगळ्या येतात. आठवडा तरी असेलच हातात. तोवर जलंबला एक चक्कर मारून येतो.